एका तबकडीत पुरतं लग्न

"माल खरा, मशीन खोटी."

हे वाक्य दिनानाथ बोरगावकरांच्या तोंडून दिवसातून इतक्यांदा निघे, की त्यांच्या बायकोनं, प्रेमलताबाईनं, ते ऐकणंच सोडून दिलं होतं. रोज पाणी ओढणाऱ्या बाईला रहाटाची कुरकुर ऐकू येत नाही, तशातली गत. दिनानाथांनी आणलेल्या गव्हात खडे निघाले, तर चाळणी खोटी. त्यांनी निवडलेल्या वांग्यात कीड निघाली, तर विळी खोटी. नको तिथे कापते. दाढी करताना हनुवटी कापली गेली, तर आरसा खोटा. या खोट्या जगात दिनानाथ तेवढे खरे होते, आणि आपल्या खरेपणाचा त्यांना कधी कंटाळा आला नाही.

हे वाक्य त्यांनी मिलमधून आणलं होतं. इंदूरच्या एका कापड गिरणीत, विणकाम खात्यात, ते जॉबर होते. जॉबर म्हणजे मजुरांतला साहेब आणि साहेबांतला मजूर. मागांच्या दोन ओळींमधून हात मागं बांधून फिरायचं आणि कुठं दोरा तुटला, कोण बिडी ओढायला गेला, ते बघायचं. शेटजी स्वस्तातलं कुजकं सूत आणत. ते मागावर चढलं की तटातट तुटे, कापडात भोकं पडत. मग दिनानाथ विणकरापाशी जाऊन उभे राहत आणि म्हणत, "माल खरा आहे. मशीन खोटी ठेवली आहेस तू." विणकराचा दिवस कापला जाई, शेटजींचं सूत खरं ठरे, आणि दिनानाथांना दिवाळीला ऑफिसातून मिठाईचा पुडा मिळे. पुडा घरी आला की प्रेमलताबाई तो उघडून शेजारी वाटून टाकी. आपण एक तुकडा तोंडात घालत नसे. का, ते दिनानाथांनी कधी विचारलं नाही, आणि तिनंही सांगितलं नाही.

मग मिल बंद पडली. तो काळच तसा होता. देशाची दारं उघडली, असं पेपरात रोज छापून येई. गिरणी कामगारांच्या परदेशीपुऱ्यात मात्र एकेक दार लागत चाललं होतं. भोंगा बंद झाला तेव्हा म्हाताऱ्यांना सकाळ कधी होते तेच कळेना. पुढं माग मोडून भंगारात निघाले. ट्रक भरभरून लोखंड फाटकाबाहेर पडत होतं. बाहेर उभ्या माणसांत कुणी डोळे पुसत होतं, कुणी शेटजींच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होतं. दिनानाथांनी ट्रककडे बोट केलं. "बघा. मी सांगत नव्हतो? मशीन खोटी."

जणू मिलला कुलूप त्यांच्याच सल्ल्यानं लागलं होतं.

त्यानंतरची वर्षं प्रेमलताबाईच्या सुईवर निघाली. अन्नपूर्णा मंदिराच्या मागच्या अंगाला तिच्या माहेरची दोन खोल्यांची जागा होती, तिथं बिऱ्हाड हललं. ती बायकांच्या साड्यांना फॉल लावी. दिनानाथ धंदे करत. शेवेची एजन्सी घेतली. शेव मऊ पडली, हवा खोटी ठरली. अगरबत्त्या विकल्या; त्या विझत, काड्यापेटी खोटी ठरली. माळव्याच्या काळ्या मातीत काहीही पेरा, उगवतं म्हणतात. दिनानाथांनी पेरलेलं तेवढं उगवेना. पण त्यांची मान वाकली नाही. मुलंबाळं नव्हती, त्यामुळं घरात ती मान बघायला प्रेमलताबाई एकटीच होती.

अशात सीडी आली.

घरोघरी टीव्हीखाली एक चपटं, चंदेरी डबडं येऊन बसलं. पुढं हिरवे-लाल दिवे लुकलुकत, आतून एक जीभ बाहेर येई, तिच्यावर चकती ठेवली की जीभ आत जाई आणि पडद्यावर पिक्चर सुरू. ज्यांच्या घरात मिलचा पगार यायचा बंद झाला होता, त्यांच्याही घरात हे डबडं आलं. पोटाला काय मिळतं ते विचारू नये, डोळ्यांना मात्र भरपूर मिळू लागलं. आणि ज्याच्या त्याच्या पेटीत लग्नाच्या जुन्या व्हिडिओ कॅसेटी बुरशी खात पडल्या होत्या, त्यांना त्या सीडीवर उतरवून पाहिजे झाल्या.

दिनानाथांनी हे हेरलं. मेव्हण्याकडून एक जुना कॉम्प्युटर उचलला, पुढच्या खोलीत पडदा लावून दुकान केलं. पण नुसतं दुकान करतील ते दिनानाथ कसले! लग्न म्हटलं की दीड तासाचं असायचंच. एका सीडीत सव्वा तास मावतो, फार ओढलं तर आणखी पाच मिनिटं. म्हणून इंदुरातले सगळे लोक लग्नाच्या दोन सीड्या देत. पहिलीत मुहूर्त, दुसरीत पाठवणी. दिनानाथांना हे दोनपण सहन होईना. ते सियागंजात गेले, आणि तिथल्या एका व्यापाऱ्यानं हळदी-मिरचीच्या पोत्यांमागून एक पुडकं काढून त्यांच्या हातात ठेवलं. तसल्याच चकत्या, तेवढ्याच गोल, तेवढ्याच चकचकीत. पण एकीत नव्व्याण्णव मिनिटं.

"चलेगी?" दिनानाथांनी विचारलं.

"दौड़ेगी भिया," व्यापारी म्हणाला.

आता नव्व्याण्णव मिनिटं मावत कशी? चकती काही मोठी झाली नव्हती. सीडीवर आतून बाहेरच्या काठाकडं बारीक रेघ फिरत गेलेली असते. त्या रेघेचे वेढे जवळजवळ घातले, की झालं. ज्या शेतात नांगराची बारा तासं बसत तिथं पंधरा बसवायची. कागदावर पीक वाढलं. पण ज्या बैलाच्या पायाला जुन्या अंतराची सवय, तो या शेतात शिरला की निम्मं पीक तुडवणार आणि बांधाजवळ गेल्यावर उभाच राहणार. घरोघरची डबडी म्हणजे तसले जुन्या वळणाचे बैल. ऐंशी मिनिटं चालत, आणि काठाशी आले की मान टाकत.

दिनानाथांच्या दुकानातला प्लेयर तेवढा मान टाकत नसे. तो जेलरोडच्या बाजारातून आणलेला होता, अंगानं जाड, तोंडानं रुंद, आणि त्याला काहीही चाले. ओरखडे पडलेली सीडी, चहा सांडलेली सीडी, सगळं तो गिळे. प्रेमलताबाई म्हणे, "याच्या जिभेवर पापड ठेवला तरी वाचून दाखवील."

आणि दिनानाथ आपला माल फक्त त्याच्यावरच तपासत. दुकानावर पाटी चढली: 'एका तबकडीत पूर्ण लग्न'. सीडी म्हणायला त्यांना हलकं वाटे, म्हणून तबकडी.

महिन्याभरात गिऱ्हाइकं परत येऊ लागली. रेल्वेत कारकून असलेले वासुदेव सप्रे सीडी पदरात घेतल्यासारखी रुमालात घेऊन आले.

"जॉबरसाहेब, अटकून राहिली ही."

"कुठं?"

"जावई लाडू खाताना. तोंड उघडलं ते उघडंच. परवापासून आमच्या टीव्हीवर आ वासून बसले आहेत. आई म्हणते, मुलाला काही बाहेरचं लागलं काय."

"मशीन कुठली?"

"चायनाची."

"बस! समजून गेलो." दिनानाथांनी सीडी आपल्या प्लेयरमध्ये सारली, पुढं पळवली. जावयानं तोंड मिटलं, लाडू चावला, गिळला. "काय? गिळला की नाही?"

"गिळला भिया."

"मग? माल खरा, मशीन खोटी."

सप्रे घरी गेले ते आपल्या डबड्याची लाज वाटून घेऊन. मेकॅनिककडून त्यांनी त्याचं भिंग पुसून घेतलं. जावई तरी आ वासूनच राहिला. पण पुन्हा दुकानात यायचं धाडस त्यांना झालं नाही. आपल्या घरची मशीन खोटी आहे हे चारचौघांत किती वेळा ऐकायचं?

"अहो," प्रेमलताबाई फॉलचा दोरा दातानं तोडत म्हणाली, "अख्ख्या अन्नपूर्णा भागातल्या मशीनी एकदम कशा काय खोट्या निघाल्या?"

"चायना!"

"मग आपली कुठली आहे?"

"आपली पण चायनाच. पण तिला वळण चांगलं लागलं."

प्रेमलताबाईनं सुईत दुसरा दोरा ओवला. या घरात वळण कुणाला लागलं आणि कुणाला नाही, यावर तिला बोलण्यासारखं पुष्कळ होतं. पण साडी संध्याकाळी द्यायची होती.

त्या वर्षीच्या उन्हाळ्यात महूहून कांताबाई आली.

कांताबाई म्हणजे भाऊरावाची बायको. भाऊराव मिलमध्ये दिनानाथांच्याच ओळीत विणकर होता. त्याचा आजा फौजेत, बापही फौजेत. महूच्या छावणीत वाढलेला माणूस मिलमध्ये कसा आला, तर पायात व्यंग होतं म्हणून. मिल बंद झाल्यावर दोन वर्षांनी तो वारला. कांताबाई पोरांना घेऊन महूला सासरच्या घरी गेली. पण त्याआधी परदेशीपुऱ्यात भिंतीला भिंत लागून दोन्ही बिऱ्हाडं होती, आणि भाऊरावाचा संघदीप प्रेमलताबाईच्या मांडीवर वाढला होता. आपल्या आईला तो आई म्हणे आणि हिला काकू. पण भूक लागली की आधी काकूकडं येई. आता तो फौजेत होता. त्या साली सीमेवर फौजा समोरासमोर उभ्या होत्या, सुट्ट्या बंद. त्याची बहीण संबोधी हिचं लग्न त्याच्याशिवाय झालं.

"जय भीम वहिनी," कांताबाई दारातूनच म्हणाली. "जय भीम, जॉबरसाहेब."

"जय भीम, जय भीम. या. लग्न कसं झालं?"

"चांगलं झालं. भाषणं फार झाली." तिनं पिशवीतून कॅसेट काढली. "तुमच्या गल्लीतल्या नंदूनं शूटिंग केली. तो म्हणे दोन सीड्या करून देतो. मी म्हटलं नको, आपले जॉबरसाहेब असताना बाहेर कशाला? संघदीपला पाठवायची आहे. त्यांच्या कंपनीत एक मशीन आहे, त्याच्यावर पाहील."

तिघांनी मिळून कॅसेट पाहिली. वंदना झाली, हार पडले, वर-वधूनं प्रतिज्ञा घेतल्या. मग भाषणं. समाजाचे अध्यक्ष, माजी अध्यक्ष, अध्यक्ष व्हायची इच्छा असलेले एक गृहस्थ. प्रत्येकानं सुरुवातीला सांगितलं की मी दोनच शब्द बोलणार आहे, आणि ते दोन शब्द शोधण्यात प्रत्येकाचा बराच वेळ गेला. मग जेवणं, पाठवणी. आणि सगळ्यांत शेवटी, मांडव रिकामा झाल्यावर, खुर्च्या एकावर एक रचत असताना, संबोधी कॅमेऱ्यासमोर एकटी उभी. लोकांसमोर बोलायला लाजली, म्हणून नंदूनं शेवटी घेतलेलं.

"दादा," ती म्हणाली, "तू नव्हतास. तुझी सायकल मी कुणाला दिली नाही. ह्यांनाही सांगितलं, हात लावायचा नाही. आणि आईला खोकला झालेला ते मी तुला लिहिलं नव्हतं, आता बरी आहे. म्हणून आता सांगून राहिले. रागावू नको." मग तिनं कांताबाईला ओढून समोर आणलं. कांताबाईनं चष्मा नीट केला आणि म्हणाली, "जेवतोस ना रे?"

प्रेमलताबाईनं पदर तोंडाला लावला.

"अहो," ती म्हणाली, "हे शेवटचं आहे ना, ते सीडीत सुरुवातीला टाका. नाहीतर दोन करा."

"म्हणजे पाठवणी आधी आणि वरात मागून? क्रम असतो प्रेमा, कामाला क्रम असतो. आणि दोन कशाला? पाटी वाचता येते ना तुला?"

"मला येते. तिकडच्या मशीनला येईल का?"

"फौजेची मशीन आहे. फौजेत खोटी वस्तू नसते."

दिनानाथांनी नव्व्याण्णव मिनिटांची चकती घातली. कॉम्प्युटरनं इंग्रजीत एक इशारा दिला. तो दिनानाथांनी वाचला नाही. बोटानं होकार दाबला. चकती तयार झाली, आपल्या प्लेयरवर पहिल्यापासून शेवटपर्यंत चालली. कांताबाईनं ती रुमालात बांधून नेली आणि महूहून पार्सल केली.

रविवारी संघदीपचा फोन येई, तो दिनानाथांच्या दुकानातच. महूच्या घरी फोन नव्हता. कांताबाई सकाळच्या गाडीनं येऊन बसे. पार्सल पोचल्यानंतरच्या रविवारी फोन वाजला तेव्हा तिघंही त्याच्याभोवती होते.

"मिळाली काकू!" संघदीपचा आवाज वाऱ्यात फडफडत होता. "सगळ्या पलटणीनं पाहिली. संबू काय दिसत होती! अध्यक्षांचं भाषण पूर्ण पाहिलं, माजी अध्यक्षांचं पण. सरदारजी म्हणे, अरे यार, तुझ्याकडं लग्न होतं का इलेक्शन?"

"आणि पुढं?" प्रेमलताबाईनं विचारलं.

"पुढं पाठवणीपर्यंत आली आणि नुसते चौकोन चौकोन. संबूचा अर्धा चेहरा आणि बाकी चौकोन. मग बंदच पडली. चार वेळा लावली. त्याच्यापुढं काही होतं का काकू? संबू काही बोलली का माझ्यासाठी?"

प्रेमलताबाईनं कांताबाईकडं पाहिलं. तेवढ्यात दिनानाथांनी फोन ओढून घेतला.

"संघदीप, ऐक. तुमची मशीन खोटी आहे."

"काका, इथं एकच मशीन आहे. सगळे तिच्यावरच पिक्चर बघतात. बाकी सगळ्या सीड्या चालतात."

"पण माझी नव्व्याण्णव मिनिटांची आहे!"

"हो ना काका. पण मला शेवटचीच पाहिजे होती. आम्ही येत्या आठवड्यात आणखी पुढं जाऊन राहिलो. तिकडं फोन नाही, मशीन नाही. आमच्या पलटणीतला पंचशील महूला ड्यूटीवर आला आहे, मंगळवारी परत निघतोय, आम्ही हलायच्या आत पोचेल. त्याच्या हाती दुसरी पाठवता आली तर पाठवा. नाही तर राहू द्या. आई आहे का तिथं?"

कांताबाईनं फोन घेतला. काय बोलली ते हळू बोलली. फोन ठेवल्यावर ती दिनानाथांसमोर येऊन बसली. तिच्या आवाजात राग नव्हता, आणि म्हणूनच प्रेमलताबाई पुढं सरकून बसली.

"जॉबरसाहेब, तुम्हाला आठवतं का, तुम्ही कांड्या गच्च भरवायला लावल्या होत्या?"

दिनानाथांनी हात हलवला. आठवत कसं नव्हतं! त्या काळातला तो त्यांचा मोठा पराक्रम. मागाचा धोटा इकडून तिकडं पळतो, त्याच्या पोटात सुताची कांडी असते. कांडी संपली की माग थांबवून नवी घालायची. दिनानाथांनी साहेबाला सुचवलं, कांडीवर सूत जास्त गुंडाळू, माग कमी थांबेल. साहेब खूश झाला. चारचौघांत पाठ थोपटली.

"साहेबांनी स्वतः म्हटलं होतं, शाबास बोरगावकर," दिनानाथ म्हणाले.

"म्हटलं होतं. पण गच्च कांडी धोट्यात जाईना ना. धोटे जुनेच होते. अडकायचे, उडून बाहेर पडायचे. आमच्या ह्यांच्या कपाळाला एकदा लागला, तीन टाके पडले. तुम्ही म्हटलं, धोटा खोटा. मग हे जेवणाच्या सुट्टीत धोटे कानशीनं घासत बसायचे. आपल्या मागाचे, आणि शेजारच्यांचे पण. रोज नखांत भुसा घेऊन घरी यायचे. तुम्हाला कधी सांगितलं नाही."

"का नाही सांगितलं?"

"सांगून काय होतं?" कांताबाई उठली. "आता तिकडं सीमेवर संघदीप ती मशीन कानशीनं घासू शकत नाही, एवढंच."

ती प्रेमलताबाईबरोबर आत चहा ठेवायला गेली. दिनानाथ बाहेर एकटेच राहिले.

प्रेमलताबाईला वाटलं, आता तरी. तिनं साध्या दोन सीड्या आणून कॉम्प्युटरपाशी ठेवल्या, जसं रुसलेल्या माणसापुढं ताट ठेवतात. पडद्याच्या फटीतून तिनं पाहिलं. दिनानाथांनी एक उचलली, उजेडात धरली, फिरवली. दुसरी उचलली. दोन्ही एकावर एक ठेवल्या. पुन्हा वेगळ्या केल्या. मग मान वर करून दाराबाहेरच्या पाटीकडं पाहिलं. पाटीची मागची बाजू आत होती. तिच्यावर काही लिहिलेलं नव्हतं, पण ते वाचत असल्यासारखे बघत राहिले. काम अर्ध्या तासाचं होतं. मान खाली घालायला मात्र त्यांना सगळं आयुष्य पुरलं नव्हतं, ती अर्ध्या तासात कुठून जाणार? त्यांनी दोन्ही सीड्या पाकिटात घातल्या आणि फडताळात वर ठेवून दिल्या.

प्रेमलताबाईनं पायांत चपला सरकवल्या आणि कॅसेट पदराखाली घेऊन ती नंदूकडं गेली.

"दोन साध्या पाहिजेत," ती म्हणाली. "कुठल्याही मशीनवर चालतील अशा. शेवटचं जे आहे ते दुसरीत अगदी सुरुवातीला टाक."

नंदू हसला. "काकू, मी तर पहिल्यापासून दोनच देतो. पण जॉबरसाहेबांना समजून गेलं तर?"

"समजायला आत काही फिरावं लागतं रे. तू कर."

मंगळवारी सकाळी कांताबाई चिवड्याचा डबा घेऊन आली. प्रेमलताबाईनं डबा आत नेला, तळाशी जाड कागद घातला, कागदाखाली नंदूनं दिलेल्या दोन्ही सीड्या नीट बसवल्या, वर चिवडा दाबून भरला, झाकण लावलं. कांताबाई बघत होती. तिनं झाकण एकदा दाबून पाहिलं.

बाहेर आल्या तो दिनानाथ स्टुलावर चढून वायरी उपटत होते. जेलरोडवरच्या त्या जाड प्लेयरची मागची धूळ त्यांनी फुंकली, अंगावरून हात फिरवला, आणि खाली उतरून त्याला गोधडीत गुंडाळायला घेतलं.

"काय करून राहिले तुम्ही?" प्रेमलताबाईनं विचारलं.

"पाठवतो."

"काय पाठवता?"

"मशीन. खरी." त्यांनी गोधडीला गाठ मारली. "सीडी त्याच्याकडं आहेच. हिच्यावर लाव म्हणावं. पूर्ण चालेल, शेवटपर्यंत."

"अहो, आपल्या दुकानाचं काय? उद्या गिऱ्हाईक आलं, अटकली म्हणालं, तर दाखवणार कशावर?"

दिनानाथांचे हात गाठीवर थांबले. हे त्यांनी विचारात घेतलं नसेल असं नाही. अख्ख्या इंदुरात त्यांच्या बाजूनं साक्ष देणारा तो एकच होता, आणि त्यालाच ते सीमेवर धाडत होते. उद्यापासून सप्रेंचा जावई त्यांच्यासमोरही आ वासून बसणार होता.

"पोरगं पुढं चाललंय," ते म्हणाले. आवाज नेहमीसारखा मोठा करायला गेले, तो झाला नाही. "त्याला शेवटचं पाहायचं आहे ना? मग. गिऱ्हाइकाचं काय, बघून घेऊ."

प्रेमलताबाईच्या ओठांवर आलं होतं. दोन सीड्या म्हणजे दोन चकत्या हो, मुठीत मावतील एवढ्या. त्या नको म्हणून एवढं ओझं उचलता? तिनं गोधडीची सुटलेली कड आत सारली. या माणसाला चुकीची दुरुस्ती करता येत नव्हती. चुकीची किंमत मात्र तो आपल्या खांद्यावर घेऊन निघाला होता, आणि एवढंसुद्धा त्यानं याआधी कधी केलेलं तिच्या पाहण्यात नव्हतं. त्याची मिठाई शेजारी वाटणाऱ्या त्या बाईला त्या क्षणी त्याचं हसूही आलं आणि दुसरंही काही आलं, ज्याला तिच्याकडं शब्द नव्हता.

"हा चिवडा पण द्या पंचशीलला," तिनं डबा पुढं केला. "सांगा, संघदीपच्या हातातच द्यायचा. आणि त्याला म्हणावं, तळापर्यंत खा."

"तळापर्यंत कशाला?"

"शेंगदाणे खाली बसतात."

दिनानाथांनी डबा काखेत धरला, प्लेयर खांद्यावर चढवला. कांताबाई म्हणाली, "जॉबरसाहेब, मी येते बरोबर, डबा द्या माझ्याकडं."

"नको. तुम्ही बसा. दोघांची गर्दी कशाला? एकात होतं काम."

ते पायरी उतरले. रस्त्यावर उन्हं चढली होती, मंदिराकडून फुलांची टोपली घेतलेल्या बाया येत होत्या. त्या बाजूला झाल्या, कारण दिनानाथ वाकून चालत नव्हते. ओझं घेतलेला माणूस वाकतो, ते ताठ होते, जसे मागांच्या दोन ओळींमधून चालत असत, फक्त हात मागं बांधलेले नव्हते. गोधडीतून वायर निसटून खाली लोंबत होती आणि तिचा पिन प्रत्येक पावलाला त्यांच्या पोटरीवर आपटत होता. त्यांनी तो वर घेतला नाही.

"सांगायचं का त्यांना, डब्यात काय आहे ते?" कांताबाईनं हळूच विचारलं.

"कुणाला? अहो, महूच्या बसमध्ये शेजारी बसेल त्याला ते आत्ताच सांगायला लागतील, फौजेला मशीन पाठवतोय म्हणून." प्रेमलताबाईनं पदर खोचला. "जाऊ द्या."

दोघी उंबऱ्यात उभ्या राहिल्या. दिनानाथ कोपऱ्यावर पोचले, एकदा खांदा बदलला, बसस्टँडच्या रस्त्याला वळले. वायर त्यांच्यामागून वळली. कांताबाई आत गेली. प्रेमलताबाई तिथंच उभी होती.